मदत हवी आहे: होस्टिंग बदललं, पण घरच्या वायफायवर जुनीच साइट दिसते

नमस्कार मंडळी,

देवगडला दादाची हापूसची बाग आहे. पेट्यांच्या ऑर्डरी मेलवर घ्यायला मीच एक छोटी वेबसाइट करून दिली होती. परवा रात्री ती नव्या होस्टिंगवर (साइट ठेवायची भाड्याची जागा) हलवली आणि डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, पॅनेलमध्ये नेमसर्व्हर (त्या नावाचा पत्ता सांगणारे सर्व्हर) बदलले. तेव्हापासून मोबाइल डेटावर नवी साइट उघडते, घरच्या वायफायवर मात्र जुनीच, गेल्या वर्षीच्या भावांसकट! गिऱ्हाइकांचंही तेच. ज्याला जुना भाव दिसतो तो फोन करून दादाशी भांडतो.

ब्राउझरची कॅश (साठवलेली जुनी पानं) साफ केली, इन्कॉग्निटोत पाहिलं, लॅपटॉपवर फ्लशडीएनएस केलं, म्हणजे त्याने लक्षात ठेवलेले साइटचे पत्ते पुसले. ढिम्म. मग एनएसलुकअप (साइटच्या नावाचा पत्ता विचारणारी आज्ञा) चालवलं. राउटरला विचारलं की जुना आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) येतो, गूगलच्या ८.८.८.८ या सर्वांसाठी खुल्या डीएनएस सर्व्हरला (नावावरून पत्ता शोधून देणारा) विचारलं की नवा. म्हणजे मधेच कोणीतरी जुना पत्ता धरून बसलंय. कोण? आणि किती दिवस?

प्रतिसाद १
तुमच्या इंटरनेटवाल्याचा रिझॉल्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा त्यांचा सर्व्हर. राउटर स्वतः काही शोधत नाही, त्यालाच विचारतो. आणि हा रिझॉल्व्हर दर वेळी रूट सर्व्हर (सगळ्यात वरचा), मग डॉट कॉमचा सर्व्हर, मग तुमचा नेमसर्व्हर अशी पायपीट करत नाही. मिळालेलं उत्तर टीटीएल (उत्तर जपायची ठरलेली मुदत) संपेपर्यंत जपून ठेवतो. डॉट कॉमकडे नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १७२८०० सेकंद असतो, म्हणजे २ दिवस. तुमचं डोमेन डॉट कॉम असेल तर आज-उद्यात सुटायला हवं.

तोवर राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा तसाच खुला १.१.१.१ टाका. पण त्याने फक्त तुमचं घर सुटेल. गिऱ्हाइकांसाठी जुन्या होस्टिंगवरच्या साइटवरही नवे भाव चढवा, आणि ते होस्टिंग आठवडाभर तरी बंद करू नका.

बाय द वे, मेल येतेय ना? एमएक्स रेकॉर्ड (डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारी नोंद) नव्या पॅनेलमध्ये उतरवलेत?

धागाकर्ता
अरे देवा. एमएक्सची एकही ओळ नाही तिथे! कालपासून ऑर्डर नाही म्हणून आम्ही पेटीमागे शंभर रुपये उतरवायला निघालो होतो. जुन्या पॅनेलवरून दोन्ही ओळी आत्ताच उतरवल्या. मधल्या मेल गेल्याच का?

प्रतिसाद १
सगळ्या नाही. एमएक्स नसला की मेल ए रेकॉर्डच्या (साइटचा आयपी सांगणारी नोंद) पत्त्यावर, म्हणजे तुमच्या नव्या सर्व्हरवर जाते. तिथल्या मेलबॉक्समध्ये डोकावा. तिथे सरळ नकार मिळाला असेल तर ती पाठवणाऱ्याकडे परत गेली. नुसता संपर्क झाला नसेल तर त्याचा सर्व्हर काही दिवस पुन्हापुन्हा पाठवून बघतो. तेवढे शंभर रुपये मात्र उतरवू नका.