सीमा ओलांडणाऱ्या लोहमार्गावर नेमकी सरहद्द कुठे असते?

प्रश्न : नकाशावाचक

दोन शेजारी देशांच्या सीमेवरून जाणारा लोहमार्ग नकाशात एकाच अखंड रेघेने दाखवलेला असतो. वेळापत्रक उघडले की मात्र त्या रेघेत सीमेजवळ मोठी फट दिसते, कारण गाडी तिथल्या एखाद्या स्थानकात बराच वेळ उभी असते. पारपत्रांची आणि सामानाची तपासणी हेच त्याचे कारण असणार, असे मी इतके दिवस धरून चाललो होतो. पण पश्चिम युरोपात ही तपासणी बंद झाल्यानंतरही कुठे इंजिन बदलत असे, कुठे चालक बदलतो, तर कुठे प्रवाशांनाच सामान घेऊन दुसऱ्या फलाटावर जावे लागते, असे वाचनात आले. म्हणून दोन प्रश्न विचारतो. सीमेवर गाडीला खरोखर काय अडवते? आणि एका रेल्वेचे काम जिथे संपते व दुसरीचे सुरू होते, ती जागा राजकीय सीमेवरच असते की अन्यत्र? स्पेनने फ्रान्सच्या आक्रमणाच्या भीतीने मुद्दाम रुंद रूळ टाकले, हे विधानही वारंवार भेटते. त्यात तथ्य किती आहे, हे कोणी सांगितले तर आभारी होईन.

उत्तर : सांधेबदल

स्पेनपासून सुरुवात करतो, कारण त्या समजुतीमुळे मूळ प्रश्नावरही पडदा पडतो. १८४४ साली हुआन सुबेरकासे यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी स्पेनच्या सरकारला जो अहवाल दिला, त्यात रूळांमधील अंतर सहा कॅस्टिलियन फूट, म्हणजे सुमारे १६७२ मिलिमीटर असावे अशी शिफारस होती. तिच्यामागचे कारण तांत्रिक होते : डोंगराळ प्रदेशातील चढ चढण्यासाठी शक्तिमान इंजिने लागतील, त्यांना मोठे बाष्पक (बॉयलर) लागेल आणि मोठ्या बाष्पकासाठी चाकांमध्ये जास्त जागा लागेल, असा त्यांचा हिशेब होता. आक्रमणाच्या भीतीची गोष्ट मागाहून चिकटली आणि सांगायला सोपी असल्याने टिकली. शेजारच्या फ्रान्सने १४३५ मिलिमीटरचे अंतर स्वीकारले असल्याने दोन्हीकडचे रूळ पिरिनीजच्या पायथ्याशी येऊन भेटले तेव्हा एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चढू शकेना.

आता फरक केवळ आहे की नाही एवढ्याने भागत नाही. तो किती आहे, यावर पुढचे सगळे ठरते. स्पेन आणि फ्रान्स यांच्या रूळांत आज २३३ मिलिमीटरचा फरक आहे (स्पेन व पोर्तुगाल यांनी पुढे आपले माप १६६८ वर आणून एक केले). एवढ्या फटीत तिसरा रूळ बसतो, म्हणजे एक रूळ सामाईक ठेवून त्याच वाटेवरून दोन्ही प्रकारच्या गाड्या नेता येतात. उलट, पोलंड आणि बेलारूस यांच्या सीमेवर १४३५ आणि १५२० यांतला फरक फक्त ८५ मिलिमीटरचा आहे, आणि रुळाचा तळच त्याहून रुंद असल्यामुळे दोन रूळ इतके जवळ बसवणे शक्य होत नाही. थोडा फरक हा मोठ्या फरकापेक्षा अधिक त्रासदायक ठरतो, ही गोष्ट मला या विषयातली सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. स्वीडनमधील हापारांडा आणि फिनलंडमधील तोर्निओ यांच्यामधल्या नदीपुलावर हीच अडचण होती, कारण फिनलंडचे माप १५२४ आहे. तिथे एका पुलावर चार रूळ टाकून दोन स्वतंत्र मार्ग एकमेकांत गुंफून नेले आहेत.

त्या पुलावरच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर सापडते. स्वीडनच्या मापाचे रूळ नदी ओलांडून फिनलंडच्या पहिल्या स्थानकापर्यंत जातात आणि फिनलंडचे रूळ उलट दिशेने स्वीडनच्या शेवटच्या स्थानकापर्यंत येतात. बिदासोआ नदीच्या दोन काठांवरील आंदाय आणि इरून या फ्रेंच व स्पॅनिश स्थानकांतही हीच रीत आहे. प्रत्येक रेल्वेने शेजाऱ्याच्या पहिल्या स्थानकापर्यंत जावे आणि आणलेला माणूस वा माल तिथे उतरवावा, एवढा साधा करार त्यामागे असतो. नदीच्या मधोमध गाडी बदलणे कोणालाच शक्य नसते, म्हणून रेल्वेची सरहद्द एका रेघेऐवजी दोन स्थानकांमधला पट्टा होऊन बसते.

हा अडथळा ओलांडण्याचे तीन मार्ग आजवर रुळले आहेत. बेलारूसमधील ब्रेस्तसारख्या ठिकाणी डबे जॅकने उचलतात, खालच्या बोगी (चाके बसवलेल्या चौकटी) बाजूला काढतात आणि दुसऱ्या मापाच्या बोगी सरकवतात; प्रवासी डब्यातच बसून असतात, पण त्यात वेळ जातो. स्पेनच्या तालगो गाड्यांनी दुसरा मार्ग काढला. त्यांच्या डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अखंड आस (ॲक्सल) नसतो, त्यामुळे गाडी एका खास बांधलेल्या मार्गावरून अगदी सावकाश जात असताना डब्याचे वजन बाजूच्या आधारांवर घेतले जाते, चाकांचे कुलूप सुटते, दांड्या चाकांना नव्या अंतरावर ढकलतात आणि कुलूप पुन्हा बसते. १९६९ पासून बार्सिलोना आणि जिनिव्हा यांच्यामध्ये अशी गाडी धावू लागली. तिसरा मार्ग मालाचा आहे. कझाकस्तान आणि चीन यांच्या सीमेवर दोस्तिक किंवा खोर्गोस येथे कंटेनर एका वाघिणीवरून (मालडब्यावरून) उचलून दुसऱ्या मापाच्या वाघिणीवर ठेवतात. बोगी बदलण्यापेक्षा पेटी उचलणे सोपे असल्यामुळे कंटेनरच्या काळात मालवाहतुकीपुरती या अडचणीची धार बरीच बोथट झाली आहे.

उत्तर : तारेखालून

वरील विवेचन मान्य आहे, पण आपण ज्या इंजिनबदलाविषयी विचारले आहे त्याचा रूळांशी बहुधा संबंध नसतो. ऑस्ट्रिया आणि इटली यांचे रूळ एकाच मापाचे आहेत, तरीही त्यांच्या सीमेवरील ब्रेनर येथे इंजिन बदलण्याची प्रथा दीर्घकाळ होती, कारण रुळांवरून जाणाऱ्या ऑस्ट्रियाच्या विजेच्या तारेत १५,००० व्होल्टचा एसी प्रवाह असतो आणि इटलीच्या तारेत ३,००० व्होल्टचा डीसी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटरी ५० हर्ट्‌झच्या प्रवाहावर नीट चालत नसत, म्हणून जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्वीडन आणि नॉर्वे यांनी रेल्वेसाठी त्याच्या सुमारे एक तृतीयांश वारंवारितेचा वेगळा प्रवाह स्वीकारला. नेदरलँड्समध्ये १,५०० व्होल्ट डीसी आले, बेल्जियम आणि पोलंड यांत ३,००० व्होल्ट डीसी, तर फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या १,५०० व्होल्ट डीसीच्या जोडीला २५,००० व्होल्ट एसीही आला. ज्या देशाने ज्या दशकात तारा टाकल्या, त्या दशकातील तंत्र त्याच्या वाट्याला आले आणि ते बदलण्याचा खर्च पुढे बहुतेकांना झेपला नाही.

अलीकडची अनेक इंजिने दोन, तीन किंवा चारही प्रकारच्या प्रवाहांवर चालतात. अशा वेळी दोन तारांच्या मध्ये प्रवाह नसलेला एक तुकडा ठेवलेला असतो, चालक मुख्य स्विच उघडून प्रवाह तोडतो, गाडी आपल्या वेगाने तो तुकडा पार करते आणि पलीकडे नव्या प्रवाहावर स्विच पुन्हा मिटतो. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधील २००० साली सुरू झालेल्या ओरेसुंद पुलावरून जाणाऱ्या गाड्या असेच करतात. लक्षात घेण्याजोगे हे की देशांची सीमा समुद्राच्या मध्यावर आहे, पण डेन्मार्कचा २५,००० व्होल्टचा प्रवाह पूल संपेपर्यंत चालू राहतो आणि बदल स्वीडनच्या किनाऱ्याकडे होतो. चढावर, बोगद्यात किंवा पुलावर गाडी प्रवाहाविना थांबली तर ती पुन्हा हलवणे कठीण असते, म्हणून ही जागा निवडताना अभियंते राजकीय नकाशापेक्षा चढ-उताराकडे अधिक पाहतात.

उत्तर : बिल्टीलेखक

लोखंड आणि वीज यांविषयी पुरेसे लिहिले गेले आहे. माझ्या मते खरी सरहद्द कागदावर असते, आणि तिच्याबाबत युरोपातील रेल्वेंनी सरकारांच्या कितीतरी आधी शहाणपण दाखवले. १८९० साली बर्न येथे झालेला मालवाहतुकीचा करार १८९३ पासून अमलात आला आणि त्यामुळे एकच बिल्टी (मालासोबतचे वाहतूकपत्र) अनेक देशांतून चालू लागली. माल वाटेत हरवला तर भरपाई कोणी द्यावी, हेही त्यात ठरले. पुढे १९५१ साली सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांनी आपला वेगळा करार केला, तेव्हापासून पूर्व आणि पश्चिम यांच्या सांध्यावर प्रत्येक वाघिणीची बिल्टी नव्याने लिहावी लागे. दोन्ही करारांना चालणारी सामाईक बिल्टी २००६ मध्ये आली. बोगी बदलण्याच्या यंत्राइतके या कागदाचे कौतुक होत नाही, याची मला खंत वाटते, कारण वाघिणीची चाके तयार असूनही तिला केवळ कागदासाठी थांबवावे लागत होते.

सरहद्द नेमकी कुठे, या प्रश्नावर दोन ठिकाणे पाहण्यासारखी आहेत. बाझेलचे बाडिशर बानहोफ हे स्थानक स्वित्झर्लंडच्या भूमीवर आहे, पण बाडेनच्या ग्रँड डचीबरोबर (तेव्हाच्या एका जर्मन राज्याबरोबर) १८५२ साली झालेल्या करारानुसार ते जर्मन रेल्वे चालवते. सिंप्लॉन बोगद्यात स्वित्झर्लंड आणि इटली यांची सीमा डोंगराच्या पोटात आहे, तरीही स्विस वीज आणि स्विस कामकाज इटलीतील दोमोदोसोला स्थानकापर्यंत पोहोचते. चालकाच्या बाबतीत आणखी एक सीमा असते, ती भाषेची. दुसऱ्या देशाच्या मार्गावर गाडी नेणाऱ्या चालकाला तिथल्या नियंत्रकाशी आणीबाणीतही बोलता आले पाहिजे, म्हणून युरोपीय संघाच्या नियमांत त्या भाषेची ठरावीक पातळी सामान्यतः आवश्यक मानली आहे. रूळ, तार आणि सिग्नल जुळलेले असूनही चालक सीमेवर उतरतो तो बहुतेक याच कारणाने.

नकाशावाचक

सर्वांचा मनापासून आभारी आहे. माझी चूक आता लक्षात आली : मी एका सरहद्दीविषयी विचारत होतो आणि इथे रूळांची, विजेची, कागदांची आणि भाषेची, अशा चार निघाल्या, ज्यांपैकी दोन एका जागी येतीलच असे नाही. एकच शंका उरते. राजकीय सीमा सरकली किंवा दोन देशांचे एकमत राहिले नाही, तर या चार सरहद्दी तिच्यामागून जातात का?

उत्तर : सांधेबदल

सहसा जात नाहीत. फ्रान्समध्ये गाड्या डाव्या बाजूने धावतात आणि जर्मनीत उजव्या बाजूने. १८७१ साली अल्सास आणि लोरेनचा काही भाग जर्मनीत गेला, तिथले मार्ग उजव्या बाजूचे झाले. पहिल्या महायुद्धानंतर तो प्रदेश फ्रान्सकडे परत आला, पण गाड्यांची बाजू बदलली गेली नाही. म्हणून आजही फ्रान्सच्या हद्दीच्या आत, जुन्या सीमेपाशी, एक मार्ग दुसऱ्यावरून उचलून नेणारे पूल आहेत आणि त्यांवरून गाड्या डावीकडून उजवीकडे जातात.

एकमत राहिले नाही तर काय होते, ते कानफ्रांक येथे दिसते. पिरिनीजमध्ये फ्रान्स आणि स्पेन यांना जोडणारे हे भव्य स्थानक १९२८ साली स्पेनच्या बाजूला उघडले आणि दोन्ही देशांचे कर्मचारी तिथे एका छताखाली काम करत. १९७० च्या मार्च महिन्यात फ्रान्सच्या बाजूला उतारावर ताबा सुटलेल्या मालगाडीने एक पूल उद्ध्वस्त केला. तो पुन्हा बांधला गेला नाही. स्पेनची गाडी अजूनही कानफ्रांकपर्यंत येते. फ्रान्सच्या बाजूने २०१६ मध्ये बेदूपर्यंतचा तुकडा पुन्हा सुरू झाला आहे. डोंगराखालच्या बोगद्यासह मधला भाग आजही बंद आहे.