मदत हवी आहे: ब्राउझरमधल्या बीबीसी मायक्रोवर मराठी अक्षर उमटत नाही

चौकटवही:

नमस्कार मंडळी,

१९८४-८५ च्या सरकारी ‘क्लास’ प्रकल्पात ज्या शाळांना बीबीसी मायक्रो (त्या काळचा ब्रिटिश संगणक) मिळाले, त्यांत आमचीही होती. आठवड्यातून एक तास आणि एका कीबोर्डवर तिघं. मॅट गॉडबोल्ट यांचा जेएसबीब हा एम्युलेटर (जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम) थेट ब्राउझरमध्ये चालतो हे कळल्यापासून जेवणं आटोपली की मी तिथेच सापडतो. (पीसीजेएस या तशाच दुसऱ्या एम्युलेटरवर आयबीएमचा १९८१ चा पीसीही सुरू करून पाहिला. छान आहे, पण जुनी ओळख नसल्याने मन रमलं नाही.)

लेक सातवीत आहे, शाळेत स्क्रॅच ही मुलांची प्रोग्रामिंगची भाषा शिकते. तिला हा ३२ केबी मेमरीचा कारभार दाखवला तर पहिला प्रश्न, “यावर माझं नाव मराठीत येईल?” नाव मीरा. जोडाक्षर नाही, म्हणून मी लगेच हो म्हणालो.

व्हीडीयू २३ ही आज्ञा नवं अक्षर घडवते. तिच्यापुढे अक्षराचा क्रमांक आणि मग आठ ओळींचे आठ आकडे द्यायचे. चौकटीच्या वहीत आठ बाय आठ घरं आखली, म काढला, डावीकडून १२८, ६४, ३२ असं करत १ पर्यंत भरलेल्या घरांची बेरीज केली. मशीन सुरू झालं की मी हे टाइप करतो (इथे देवनागरीत देतोय, तिथे अर्थातच रोमन कॅपिटल):

व्हीडीयू २३,२२४,२५५,६६,६६,६६,२५४,१९४,२,२
प्रिंट सीएचआर$(२२४)

एरर येत नाही, पण म च्या जागी भलतंच चिन्ह येतं. आकडे पुन्हा पुन्हा तपासले, बरोबर आहेत. एम्युलेटरमध्येच काही राहिलंय का?

शिवाय वेलांटी शिरोरेघेच्या वर जाते, तिला जागा कुठून आणायची? आणि टॅब बंद झाला की सगळा प्रोग्राम जातो, त्यावर तुम्ही काय करता?

टेलिटेक्स्टकाका:

एम्युलेटरला दोष देऊ नका, तो अस्सल मशीनसारखाच वागतोय. बीबीसी मायक्रोचा पडदा वेगवेगळ्या पद्धतींनी चालतो, त्यांना मोड म्हणतात. सुरू होताना तो मोड ७ मध्ये असतो. त्या मोडमध्ये अक्षरं संगणक काढतच नाही, एसएए५०५० नावाची टेलिटेक्स्टची (टीव्हीच्या पडद्यावर मजकूर दाखवण्याच्या पद्धतीची) वेगळी चिप काढते, आणि तिची अक्षरं तिच्या पोटात कायमची कोरलेली असतात. संगणक फक्त क्रमांक पुरवतो. म्हणून तर मोड ७ चा अख्खा पडदा १ केबीत मावतो. तुमचा म मेमरीत नीट जाऊन बसलाय, चिपला त्याचा पत्ता नाही.

आधी मोड ४ द्या. ३२० बाय २५६ ठिपके, दोन रंग, १० केबी. मग तुमच्याच दोन ओळी चालवा.

वेलांटीसाठी शिरोरेघ पहिल्या ओळीत ठेवू नका, तिसऱ्या ओळीत आणा. म असा होईल: ०,०,२५५,६६,६६,२५४,१९४,२. दीर्घ वेलांटी: ११२,१३६,२५५,८,८,८,८,८. काना: ०,०,२५५,८,८,८,८,८. प्रत्येक अक्षरात तिसरा आकडा २५५ असला की रेघ आपोआप सलग जुळते. र तुम्ही काढा, सगळं आयतं दिलं तर मजा काय!

२२४ ते २५५ अशी ३२ अक्षरं मोकळी असतात. सगळी बाराखडी मांडायची तर ती अपुरी पडतात. *एफएक्स २० या आज्ञेने आणखी मिळतात, पण दर ३२ अक्षरांमागे २५६ बाइट जातात आणि प्रोग्राम चढवण्याआधी पेज (मेमरीत प्रोग्राम जिथून सुरू होतो ती जागा) तेवढं वर सरकवावं लागतं. मीरासाठी त्याची गरज नाही.

जुनाखोका:

टॅबचं म्हणाल तर मी एम्युलेटरमध्ये लिहीतच नाही. प्रोग्राम साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतो, तिथून चालवायला नेतो. एफ १२ म्हणजे तिथली ब्रेकची कळ, ती चुकून दाबली गेली तर घाबरू नका. लगेच ‘ओल्ड’ टाइप करा, प्रोग्राम परत येतो. मधे नवी ओळ टाइप केलीत तर मात्र गेला.

आणि अवतरणचिन्ह सापडत नसेल तर शिफ्ट आणि २ दाबून बघा. मूळ कीबोर्डवर ते तिथेच होतं. सेटिंगमध्ये कळांची मांडणी ‘नॅचरल’ केलीत तर तुमच्या कीबोर्डप्रमाणे चालेल.

चौकटवही:

काका, मोड ४ ने काम झालं! मीरा उमटली, रेघ एकसंध. र चा पाय जरा आखूड झालाय, पण मालकिणीने पास केलाय. आता तिला मैत्रिणीचं नाव हवंय, मेघा. मात्रा म च्या डोक्यावर कशी बसवू? ‘मे’ असं अख्खं वेगळं अक्षर घडवायचं का?

टेलिटेक्स्टकाका:

नको, तसं केलंत तर ३२ अक्षरं बघता बघता संपतील. व्हीडीयू ५ द्या. त्यानंतर अक्षर ग्राफिक्सच्या कर्सरपाशी उमटतं आणि खालचं पुसलं जात नाही. मूव्ह या आज्ञेने जागा ठरवा, म छापा, त्याच जागी पुन्हा मूव्ह करून मात्रा छापा. मात्रेच्या अक्षरात फक्त वरच्या दोन ओळी भरायच्या, बाकी सहा शून्य. मोड ४ मध्ये एक अक्षर ३२ एकक रुंद असतं, त्या हिशेबाने घ साठी पुढे सरका. मोड ३, ६ आणि ७ मध्ये व्हीडीयू ५ चालत नाही. झालं की व्हीडीयू ४ देऊन परत या.