चूक आली तरी पीजी_रिस्टोर थांबत नाही
पोस्टग्रेस या डेटाबेसचा बॅकअप पीजी_रिस्टोर या आज्ञेने परत भरताना वेळ वाचवण्यासाठी ‘--जॉब्स’ (अनेक कामे एकाच वेळी चालवणारा पर्याय) वापरावा, असा सल्ला दिला जातो आणि तो मान्य आहे. मात्र तो कस्टम आणि डिरेक्टरी या दोनच स्वरूपांतल्या बॅकअपवर चालतो आणि सगळे काम एकाच व्यवहारात करणाऱ्या ‘--सिंगल-ट्रान्झॅक्शन’सोबत देताच येत नाही, त्यामुळे वेग हवा की ‘सगळे किंवा काहीच नाही’ ही हमी, हे आधी ठरवावे लागते. त्या सल्ल्यात न येणारी गोष्ट अशी की, पीजी_रिस्टोर चूक आल्यावर आपणहून थांबतच नाही. एकदा नव्या सर्व्हरवर एक एक्स्टेन्शन (डेटाबेसला जादा सुविधा देणारी जोडणी) बसवायचे राहून गेले. त्यावर अवलंबून असलेले टेबल तयारच झाले नाही, बाकीचा डेटा निमूटपणे भरला गेला आणि शेवटी दुर्लक्षित चुकांची संख्या सांगणारी एकच ओळ आली, जी मी (कबूल करतो) वाचली नाही. तेव्हापासून ‘--एक्झिट-ऑन-एरर’ (चूक येताच थांबवणारा पर्याय) दिल्याशिवाय मी ही आज्ञा चालवत नाही.

एखादा भाग मुद्दाम वगळायचा असेल, तर ‘--लिस्ट’ने मिळणारी बॅकअपमधल्या घटकांची यादी फाइलमध्ये साठवून नको त्या ओळीच्या आरंभी अर्धविराम टाकावा आणि तीच फाइल ‘--यूज-लिस्ट’ला द्यावी, मटेरिअलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचे साठवून ठेवलेले निकाल) ताजे करण्याचे वेळखाऊ काम मी असेच नंतरसाठी राखून ठेवतो.