मदत हवी आहे : पश्चिमेच्या भिंतीची ओल आणि आईचा खोकला

साताऱ्यात शाहूपुरी भागात सर्वांत वरच्या मजल्यावर आमचे घर आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा झोड पाऊस झोपायच्या खोलीच्या भिंतीवर थेट आपटतो, सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी साचून आत झिरपते आणि कपाटामागे काळ्या बुरशीचे ठिपके उमटतात. परवा तर आईच्या ठेवणीतल्या लुगड्यालाही कुबट वास आला. तिला दमा असल्याने रात्रीचा खोकला वाढला असून, आधी खोली कोरडी करा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. (हिवाळ्यात त्याच फटींतून गार वारा येतो आणि उन्हाळ्यात तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडतो, पण ते एक वेळ सोसता येते.) खोलीतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असते; ती ६० च्या खाली राहिली तर बुरशीला आळा बसतो.

आतून दोनदा ओलरोधक रंग दिला आणि दोन्ही वेळा पोपडे निघाले, कारण पाणी बाहेरून येते, हे मला उशिरा उमगले. बाहेरच्या भेगा भरून वॉटरप्रूफिंग आधी करावे, की खिडकीच्या चौकटीभोवतीचे सिलिकॉन आधी बदलावे? शिवाय सगळ्या फटी बुजवल्यावर स्वयंपाकघरातली वाफ घरातच कोंडेल. त्यासाठी एक्झॉस्ट पंखा पुरेल का? असे काम करून घेतलेल्यांनी अनुभव आणि अंदाजे खर्च कळवावा, ही विनंती.