‘मार्नी’ वाचताना घरातलं काय वर आलं? (अनुभव धागा)

जोन जी. रॉबिन्सन यांची ‘व्हेन मार्नी वॉज देअर’ ही १९६७ची कादंबरी. नॉरफोकच्या खाडीकाठी पाठवलेली एकटी अ‍ॅना, पाण्यालगतचं जुनं घर, तिथे भेटणारी आणि मग दिसेनाशी होणारी मार्नी. ती अ‍ॅनाची आजी होती हे पार शेवटी उलगडतं. (रसभंगाबद्दल माफ करा, पण ते सांगितल्याशिवाय इथे बोलताच येणार नाही.) तुमच्या घरात असं काही झाकलेलं होतं का? लिहा.

सुरुवात मी करते. मी दत्तक मुलीची आई. अ‍ॅनाला आईसारख्या सांभाळणाऱ्या मिसेस प्रेस्टनना त्याचे सरकारी पैसे मिळतात. पैशांपेक्षा त्या ते लपवतात, याने अ‍ॅना आतून मिटते. ते पान वाचलं त्या रात्री मी झोपले नाही. लेक दहा वर्षांची होती. रविवारी कपाटातून तिचा संस्थेतला झबला काढला आणि सगळं सांगितलं. ती रडली नाही. झबला जमिनीवर पसरून वितीने मोजत बसली. “दीडच वीत होते मी?” एवढंच म्हणाली.

*

पुस्तकातला वन्टरमेनी होडीवाला आठवतो? अकराव्या बाळंतपणानंतर त्याची आई म्हणाली, ‘वन टू मेनी’, हे एक जास्तच झालं. तेच त्याचं नाव पडलं. माणूस जवळजवळ बोलतच नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. २०११मध्ये तिथे २८५ ‘नकुसां’ना, म्हणजे नकोशी म्हणून तसंच नाव पडलेल्या मुलींना, समारंभ करून नवी नावं दिली, तेव्हा माझ्या आत्याने पेपरातलं ते पान घडी करून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. का, ते कुणी विचारलं नाही. पुढे आजोबांची ट्रंक आवरताना शाळेचा एक दाखला मिळाला. आडनाव आमचं, नाव ‘नकुसा’. बाबांना विचारलं तर ते उठून अंगणात गेले. आत्यानेच कागद हातात घेतला. “मीच गं ती. चौथी मुलगी. लग्नात नाव बदललं, मग कुणी हाक मारली नाही.” ते नाव पुसलं गेलं याचं तिला समाधान होतं की दुःख, मला अजून कळलेलं नाही.

*

माझं थोडकंच आहे. मार्नी अ‍ॅनाला पवनचक्कीत एकटं टाकून जाते. पुढे खोलीत कोंडलेली मार्नी खिडकीतून माफी मागते, आणि अ‍ॅना जिवाच्या आकांताने ओरडून माफ करते. सातवीत माझी मैत्रीण कावीळ होऊन गेली. आमचा अबोला चालू होता. याच पुस्तकावरचा २०१४चा जपानी सिनेमा लेकासोबत पाहताना तो प्रसंग आला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

*

सातारवाली पुन्हा. काल आत्याला सगळी गोष्ट सांगितली. मार्नीबद्दल तिने फारसं विचारलं नाही. म्हणाली, “त्या होडीवाल्याचं खरं नाव काय गं होतं?”

पुस्तक पुन्हा चाळतेय.