'करावे तसे भरावे' म्हणजे न्यूटनचा तिसरा नियम का? ('कर्म', 'विपाक', 'प्रारब्ध' या शब्दांबद्दल)

पुतणी नववीत आहे. परवा 'गतीचे नियम' हा धडा घेऊन बसली होती आणि मधेच विचारलं, "काका, आजोबा म्हणतात तिसरा नियम आपल्याकडे आधीपासून होता. करावे तसे भरावे. पेपरात उदाहरण म्हणून लिहू का?" मी म्हटलं, नको लिहूस. का नको, ते मात्र मला धड सांगता आलं नाही. म्हणून हा धागा. शिवाय 'कर्माचा नियम' हा शब्दप्रयोग मुळातला आपला, की इंग्रजीवरून उचललेला?

प्रतिसाद

नको म्हणालात ते बरोबरच. भिंतीवर हात टेकून जोर लावा. हात भिंतीला ढकलतो त्याच क्षणी भिंत हाताला ढकलते. दोन्ही बलं एकाच वेळी, पण दोन वेगळ्या वस्तूंवर. कर्माचं नेमकं उलटं आहे: फळ ज्यानं केलं त्यालाच मिळतं, आणि मिळतं ते कधीतरी नंतर, कदाचित पुढच्या जन्मी. 'क्रिया-प्रतिक्रिया' हे शब्द ऐकून आपली फसगत होते, एवढंच.

जुना शब्द 'कर्मविपाक'. टिळकांच्या गीतारहस्यातल्या (१९१५) दहाव्या प्रकरणाच्या नावातही तोच आहे, 'कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य'. विपाक हा पच् धातूपासून, म्हणजे शिजणं, पिकणं. मला विचाराल तर मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द 'मुरणं'. कैरीच्या फोडींना मीठ-मसाला लावला की लगेच काही दिसत नाही. बरणी तशीच राहते, चार-सहा आठवड्यांनी उघडली की फोड बदललेली असते.

आणि 'नियम' म्हणजे आपल्याकडे पूर्वी पाळायची गोष्ट: यम-नियम, एकादशीचा नियम. तो मोडता येतो. गुरुत्वाकर्षणाचा नियम कोणी मोडून दाखवावा! निसर्गनियम हा अर्थ त्या शब्दाला पुढे चिकटला. 'कर्माचा नियम' मला तरी इंग्रजी वळणाचा वाटतो.

प्रतिसाद

व्याकरणातलं कर्म विसरू नका. पाणिनीचं सूत्र आहे, 'कर्तुरीप्सिततमं कर्म'. कर्त्याला जे सर्वांत जास्त हवंसं, ते कर्म. शाळेत 'रामाने आंबा खाल्ला' मधला आंबा शोधताना हे कुणी सांगितलं असतं तर मजा आली असती. बाकी आमच्या घरी दूध उतू गेलं की "कर्म माझं!" एवढाच या शब्दाचा उपयोग.

प्रतिसाद

कर्म आणि भौतिकशास्त्र यांची खरी गाठ वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तिकडे सहसा कुणी जात नाही. वैशेषिक दर्शनात (आपल्या सहा जुन्या दर्शनांपैकी एक, कणाद हा त्याचा सूत्रकार) कर्म म्हणजे पाप-पुण्य नव्हे, कर्म म्हणजे हालचाल. उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण, गमन असे त्याचे पाच प्रकार. वर फेकणं, खाली टाकणं, आखडणं, पसरणं, जाणं. झालं कर्म.

बाणाचंच बघा. कणादाच्या सूत्रांत म्हटलंय की बाणाची पहिली हालचाल ढकलण्यामुळे (नोदन). त्या हालचालीतून बाणात 'संस्कार' तयार होतो, आणि पुढची हालचाल त्या संस्कारामुळे. संस्कार संपला की गुरुत्वामुळे पतन. आपण 'मुलांवर चांगले संस्कार' म्हणतो तोच हा शब्द! त्याचे तीन प्रकार: वेग, भावना (आठवणीमागचा ठसा) आणि स्थितिस्थापक, म्हणजे वाकवलेली फांदी सोडल्यावर परत जागेवर येते तो गुण.

आता 'प्रारब्ध' घ्या. आपण त्याचा अर्थ नशीब असा करतो, पण तो 'प्रारंभ'चाच भाऊ आहे. प्रारब्ध म्हणजे सुरू झालेलं. संचित हा साठा (पेपरात 'संचित तोटा' वाचतो तसा), त्यातलं ज्याचं फळ सुरू झालं ते प्रारब्ध. मग ज्ञान झालं तरी ज्ञानी माणसाचं शरीर लगेच का पडत नाही? शंकराचार्य दाखला देतात सुटलेल्या बाणाचा आणि कुंभाराच्या चाकाचा. मडकं उतरवून घेतलं, काठी बाजूला ठेवली, तरी चाक काही वेळ फिरत राहतं. तुलना करायचीच असेल तर ती इथे, जडत्वाशी, म्हणजे न्यूटनच्या पहिल्या नियमाशी करा. तिसऱ्या नियमाचा इथे काही संबंध नाही.

प्रतिसाद

म्हणजे न्यूटनच्या आधी आपल्याला सगळं ठाऊक होतं, एवढं कबूल करायला काय हरकत आहे?

प्रतिसाद

हरकत आहे. वैशेषिकांच्या मते संस्कार शिल्लक असेपर्यंत तो गुरुत्वाला अडवून धरतो. प्रत्यक्षात बाण सुटल्या क्षणापासून गुरुत्व त्याला खाली ओढतच असतं. शिवाय न्यूटनच्या १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात मोजमाप आहे, गणित आहे. म्हणून सूत्रकारांचं निरीक्षण कमी ठरत नाही. ते ज्या प्रश्नाशी झटत होते तो अस्सल होता, एवढं माझ्यासाठी पुरे.

जाता जाता, लोहचुंबकाकडे सुई का सरकते? सूत्रात उत्तर आहे, 'अदृष्ट' कारणामुळे. न दिसणारं. पुण्याचं फळ कसं पोचतं याचं उत्तरही अदृष्टच. एका शब्दात दोन्ही कोडी.

प्रतिसाद

आणि ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाशी? केलेलं वाया जात नाही, न केलेलं पदरात पडत नाही, असं आपण मानतोच की.

प्रतिसाद

अर्धंच जुळतं. ऊर्जा रूप बदलते, संपत नाही. कर्म भोगून संपतं, आणि गीता तर म्हणते ज्ञानाच्या अग्नीत सगळी कर्मं भस्म होतात. ऊर्जेला अशी सूट नाही. दुसरं म्हणजे हेतू. गॅलरीतली कुंडी चुकून पडली काय किंवा कुणाच्या डोक्यावर नेम धरून टाकली काय, खाली पोचायला वेळ तेवढाच. कर्माच्या हिशोबात मात्र सगळा फरक तिथेच पडतो.

धागाकर्ता

मंडळी, आभार. पुतणीनं शेवटी उदाहरण दिलं वल्ह्याचं: वल्हं पाण्याला मागे ढकलतं, पाणी वल्ह्याला आणि त्यासोबत नावेला पुढे. आजोबांना बाण आणि चाक सांगितलं. "म्हणजे पहिला नियम आपला," म्हणाले!

एक उपप्रश्न. 'कर्मधर्मसंयोगाने' म्हणजे योगायोगाने, असं का? कर्म आणि धर्म दोन्ही शब्द आत असताना अर्थ मात्र 'कारण नसताना, सहज'.

प्रतिसाद

आपल्या हातात नव्हतं, कुठल्या तरी जुन्या हिशोबानं घडलं, असा अर्थ आधी असावा. हिशोब विसरला, योगायोग उरला. हा माझा अंदाज. माझी आजी 'प्रारब्ध' न म्हणता 'प्रालब्ध' म्हणायची. त्यातलं 'लब्ध' म्हणजे मिळालेलं, अशीच मी इतकी वर्षं फोड करत होते. 'र'चा 'ल' झालाय, हे आज इथे वाचून कळलं.