बी-३०४ च्या फ्लॅटबद्दल (सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज)

बी-३०४ (मेलबर्न): सगळ्यांना नमस्कार. मेसेज मोठा आहे, राग मानू नका. आई गेल्यापासून फ्लॅट बंद आहे, पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. विकायला काढलाय, पण काल तिसरं गिऱ्हाईक गेलं. टोकन दिलं होतं, बँकेचं कर्जही मंजूर झालं होतं. मग एजंटचा फोन, "मॅडम, पार्टी नको म्हणतेय." कारण धड सांगत नाही. इथे रात्रीचे साडेबारा वाजलेत, सकाळी सातला ड्युटी आहे आणि मी आपल्याच हॉलचा फोटो मोठा करून बघत बसलेय, खिडकीवर दिसतंय ती ओल आहे की सावली. हल्ली कुणी आत गेलंय का?

बी-३०३ काकू: थांब, किल्ली घेऊन आत्ता जाऊन येते.

सी-५०१: ताई, एक विचारू? गेल्या महिन्यात दोन वेगवेगळे एजंट लोकांना घेऊन वर गेले. मी हटकलं तर म्हणाले ओनरशी बोलणं झालंय.

बी-३०४: माझं एकाशीच बोलणं आहे. दुसऱ्याकडे किल्ली कुठून आली?

बी-३०३ काकू: आले बघून. सावली नाही गं, ओल आहे. शोकेसच्या वर हात लावला तर रंगाचा पापुद्रा हातात आला. बाल्कनीत कबुतरांनी घरटं केलंय. बेसिनचा नळ इतका जाम झालाय की फिरतच नाही. बेडरूमचा पंखा चालू होता, कधीपासून देव जाणे, बंद केला. स्वयंपाकघरात आईंचं कॅलेंडर अजून त्याच महिन्यावर आहे, दुधाचा हिशेब लिहिलेलं, १४ तारखेपर्यंत. ते मी काढून माझ्याकडे आणलं. घर बघायला येणाऱ्यांनी ते बघू नये असं वाटलं. विचारायला हवं होतं तुला.

बी-३०४: नाही काकू. बरं केलंत. मी येईपर्यंत तुमच्याकडेच राहू दे.

सेक्रेटरी: आजपासून ३०४ ची किल्ली फक्त काकूंकडे. वॉचमनला सांगितलंय, रजिस्टरला नाव, नंबर लिहिल्याशिवाय कुणी वर जाणार नाही. एजंटकडची किल्ली उद्या परत मागवतो, कुलूपही बदलून घेऊ.

बी-३०४: आणि ट्रान्स्फरचे सोसायटीला एक लाख भरावे लागतील म्हणाला एजंट. खरं का?

सेक्रेटरी: अजिबात नाही. २००१ च्या परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार. त्यावर एक रुपया घेणार नाही. बँकेला पत्र लागलं तर दोन दिवसांत देतो.

सी-१०३ (सीए): ताई, गिऱ्हाईक का पळालं ते मला वाटतं कळलं. तुम्ही एनआरआय आहात हे एजंटने त्यांना आधी सांगितलं होतं का?

बी-३०४: नसावं. परवाच त्यांच्या वकिलांनी पासपोर्टची कॉपी मागितली होती.

सी-१०३ (सीए): मग तेच. इथे राहणाऱ्याने ५० लाख किंवा त्यावरचा फ्लॅट विकला तर खरेदीदार १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापतो. विकणारा एनआरआय असेल तर बरीच वर्षं मालकीच्या मालमत्तेवर १२.५ टक्के, वर सरचार्ज आणि सेस हे जादा आकार. १ टक्काच कापला तर आयकर खातं खरेदीदारालाच धरतं. शेवटच्या आठवड्यात हे कळलं की कुणीही घाबरेल. तुमचा प्रत्यक्ष नफा कमी बसत असेल तर आयकर खात्याकडून कमी टीडीएसचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. त्याला वेळ लागतो, गिऱ्हाईक मिळायची वाट बघू नका. आणि पहिल्याच भेटीत सांगायचं, मालक परदेशात आहे.

बी-३०४: हे तीन वर्षांत मला एकानेही सांगितलं नाही. आणि सहीसाठी? दर वेळी रजा काढून येणं जमत नाही. ३०३ च्या काकांच्या नावाने कुलमुखत्यारपत्र केलं तर चालेल का?

ए-२०२ वकील काका: बेटा, काका कितीही विश्वासाचे असले तरी तसं करू नकोस. विक्रीचा अधिकार आईवडील, भाऊ-बहीण, नवरा, मुलं अशा जवळच्या नातेवाइकाला मोबदल्याशिवाय दिला तर मुद्रांक ५०० रुपये. परक्याला दिला तर खरेदीखताइतका. तुझा नागपूरचा भाऊ आहे ना? त्याच्या नावाने कर. तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये सही साक्षांकित करून घे, आणि कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक कार्यालयात दाखल करायचा. फक्त हा एकच फ्लॅट, सही आणि नोंदणी एवढाच अधिकार लिही. पैसे थेट तुझ्या एनआरओ खात्यात, म्हणजे एनआरआयच्या इथल्या बँक खात्यात. मसुदा पाठव, मी वाचून देतो. फी वगैरे काही नाही, तुझ्या वडिलांनी माझी किती कामं केलीत.

बी-३०४: काका, काय बोलू. दादाला सकाळीच फोन करते.

बी-४०४: मेसेज आत्ता वाचले. ताई, ती ओल आमच्या बाथरूममधली असणार, बरोबर वरच आहे. खाली बंद घर, त्यामुळे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. खर्च आमचा. रविवारी ११ वाजता प्लंबर बोलावलाय. काकू, तेव्हा ३०४ उघडून ठेवाल का? पाणी वरून सोडून खाली बघावं लागेल.

बी-३०३ काकू: हो, मी आहे घरी. येताना नळवाल्याला बेसिनचा नळपण घेऊन यायला सांग.